दहा बाय बारात मावेल ते माध्यम

चित्रकलेच्या फाउंडेशनला प्रवेश झाला त्या आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर साहित्याची यादी लागली. मी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि घरी येऊन आईला वाचून दाखवू लागले. टूबी, फोरबी, सिक्सबी. फुल इम्पीरियल कार्ट्रिज. गम टेप. राउंड ब्रश, फ्लॅट ब्रश, हॉग हेअर. चारकोल, फिक्झेटिव्ह. लिनसीड, टर्पेंटाइन. लिनो, गाऊज, रोलर. आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "यातलं पोटात घ्यायचं काय आणि अंगाला लावायचं काय, ते एकदा नीट विचारून ये." मी हसले खरी, पण विचारून यायची गरज मलाही होतीच.

शाळेत मी चित्रकलेतली हुशार मुलगी. एलिमेंटरी झाली होती, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. या परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत; दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून चित्रकलेशी काही देणंघेणं नसलेलेही त्यांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आमच्या बाईंनी तयारीच अशी करून घेतली होती की स्मरणचित्राला बाजार येवो नाहीतर बसस्टॉप, पुढे तीन माणसं, मागे दोन, कोपऱ्यात झाड, हात आपोआप चालायचा. सगळं पोस्टर कलरमध्ये. पोस्टर कलर झाकतो, हा त्याचा मोठा गुण. हिरव्यावर पिवळा चढतो, काळ्यावर पांढरा चढतो, बिघडलेलं नाक पुसून नवं बसवता येतं. रंग म्हणजे झाकण उघडायचं, पाणी घालायचं आणि लावायचं, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. कोणी करायलाही सांगितलं नव्हतं.

आम्ही राहतो पेणकरपाड्यात. मुंबईहून हायवेनं निघालं की दहिसर चेकनाक्यानंतर मीरा-भाईंदरची हद्द लागते, आणि त्या हद्दीच्या तोंडाशीच, हायवे आणि रेल्वेच्या मधल्या पट्ट्यात आमची वस्ती. हायवेपलीकडे नॅशनल पार्कचा डोंगर. अलीकडे चाळी, दुमजली घरं, त्यांना खेटून टॉवर. आमची खोली दहा बाय बारा, वर पोटमाळा. त्यात आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर आहेत. चित्रकलेच्या लेखात ही घरची माहिती कशाला, असं वाटेल. पण मला जे सांगायचंय ते या खोलीशिवाय सांगता येणार नाही.

पहिली गाठ पडली ती कागदाशी. फुल इम्पीरियल म्हणजे बावीस बाय तीस इंच. तो कागद ज्यावर लावायचा तो बोर्ड त्याहून मोठा. असा बोर्ड घेऊन सकाळी दहिसरला विरारहून भरून आलेल्या लेडीज डब्यात चढणं, ही परीक्षा कला संचालनालय घेत नाही. घेतली असती तर मला तिथेही ए ग्रेड मिळाली असती. बायका आधी ओरडायच्या, मग सवयीच्या झाल्या. बोरिवलीनंतर बसायला मिळालं की तोच बोर्ड तिघींच्या मांड्यांवर आडवा व्हायचा आणि एक मावशी त्यावर मेथी निवडायच्या. माझ्या सुरुवातीच्या बऱ्याच सबमिशनच्या मागच्या बाजूला मेथीचे हिरवे डाग आहेत.

वर्गात 'डाँकी'वर बसायचं. हे लाकडी बाक असतं, त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि बोर्ड समोर टेकवायचा. पुढे पितळी घडा, पांढरं कापड, दोन वांगी. मी पेन्सिल टोकदार करून घड्याची कड काढायला घेतली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "ही रेघ कुठंय?" त्यांनी विचारलं. मी घड्याकडे बोट दाखवलं. "तिथे रेघ नाहीये. तिथे उजेड संपतो आणि अंधार लागतो. पेन्सिल ठेव, चारकोल घे." पुढचे कितीतरी तास मी कुठेच रेघ न मारता घडा काढायचा प्रयत्न करत होते. इतकी वर्षं जे दिसतं म्हणून काढत होते ते तिथे नव्हतंच, हे पचायला जड होतं.

पेन्सिलींच्या नंबरांचं गूढ मात्र लवकर सुटलं. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. कोंते नावाच्या फ्रेंच माणसानं १७९५ मध्ये हे मिश्रण बसवलं. चारकोल म्हणजे तर निव्वळ जळकी काडी. तो कागदाला धरत नाही, फुंकर मारली की उडतो, म्हणून वरून फिक्झेटिव्ह फवारायचं. घरी चारकोल काढला की आजीचं पांढरं लुगडं, भावाचा शाळेचा शर्ट आणि तांदळाचा डबा, सगळीकडे काळी बोटं. आजी म्हणाली, "चूल सोडून गॅस आणला तो यासाठी?"

मग जलरंग. इथे मी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं घाबरले. कारण जलरंगात पांढरा रंग नसतो. म्हणजे डबीत असतो, पण वापरला की सर भुवया उंचावतात. पांढरा म्हणजे कोरा कागद. जिथे उजेड हवा ती जागा आधीच ओळखून सोडून द्यायची आणि बाकी सगळं गडद करत जायचं. पोस्टर कलरमध्ये शेवटी टिकली लावल्यासारखा उजेड लावता येतो. इथे चित्र सुरू करण्याआधी ते संपलेलं दिसायला हवं. सरांनी हळदणकरांच्या त्या प्रसिद्ध चित्राचं पुनर्मुद्रण दाखवलं: हातात दिवा घेतलेली स्त्री, बोटांमधून झिरपणारा उजेड. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. जलरंगातलं! म्हणजे तो दिव्याचा झगझगाट रंगाचा नाही, सोडून दिलेल्या कागदाचा आहे. मी ते चित्र कॅलेंडरवर लहानपणापासून बघत आले होते, पण या नजरेनं कधीच नाही.

मात्र हळदणकरांना पेणकरपाड्यातला जुलै माहीत नसावा. कागद भिजवून, गम टेपनं बोर्डाला ताणून लावायचा आणि वाळू द्यायचा, असा नियम. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, कागद काय वाळणार. खाडी एका अंगाला, डोंगर दुसऱ्या अंगाला, मधे सगळी ओल आमचीच. एक वॉश दिला की दुसऱ्यासाठी इतका वेळ थांबावं लागायचं की तोवर जेवणं होऊन गाद्या पडायच्या, आणि बोर्ड ठेवायला जागा उरायची नाही. पंख्याखाली धरला तर रंग एका बाजूला पळतो. इस्त्रीनं वाळवून पाहिला. कागद वाळला, रंगातला जीव गेला. टूबीएचकेतल्या मैत्रिणीची आकाशं मऊ यायची आणि माझी ओरखडल्यासारखी. सर म्हणायचे, "तुझा पेशन्स कमी पडतो." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं: सर, पेशन्स होता, मोकळी भिंत नव्हती.

तेलरंगाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो प्रकार आमच्या घरात थोडाच वेळ टिकला. टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि आजीला खोकला लागला. शिवाय शेजारी गॅस पेटलेला. बाबांनी, जे दिवसभर कारखान्यात पॉलिशच्या धुळीत असतात, शांतपणे बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "हे कॉलेजात कर, बाळा." कॅनव्हास कपाटावर ठेवला. तो वाळायला तयार नाही. मला वाटलं रंगच खराब निघाला. मग कळलं की तेलरंग पाण्यासारखा उडून वाळतच नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. त्याची चाल आपल्या सोयीनं बदलत नाही. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा क्रम उलटला तर पुढे चित्राला भेगा जातात. कपाटावर त्या कॅनव्हासला आजीच्या उदबत्तीची राख आणि एक डास चिकटला. तो डास अजून आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे हमरापूरला गेले. पेण तालुक्यातलं हे गाव गणपतीच्या मूर्तींचं. सीझन संपलेला, कारखान्यात साचे धुणं चाललं होतं. कॉलेजात मातीकाम सुरू होणार म्हणून मी मामाच्या मागे लागले. त्यानं शाडूचा गोळा दिला आणि पाठ करून उभा राहिला. शाडू सुंदर वागतो, पण घाई केली की तडकतो. काम थांबवलं की त्यावर ओलं फडकं टाकायचं, म्हणजे तो एकदम सुकत नाही. प्लास्टरचा स्वभाव बरोबर उलटा. पाण्यात कालवलं की आपल्याच अंगानं गरम होतं आणि बघता बघता दगड. "शाडू तुझी वाट बघतो, प्लास्टर बघत नाही," मामा म्हणाला. सगळ्या वर्षात मला कोणी इतक्या कमी शब्दांत दोन माध्यमं समजावली नाहीत. मग एका उरलेल्या मूर्तीवर त्यानं डोळ्यांची आखणी करून दाखवली. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवलेली, श्वास धरलेला, ब्रश हलत नाही, मनगट फिरतं. आखणी करताना मामा कोणाशी बोलत नाही. त्याला विचारलं, हे शिकलास कुठे? म्हणाला, "शिकतंय कोण? माझी आत्या करायची, मी रंग कालवून द्यायचो."

सुट्टीनंतर कलेतिहासाच्या तासाला अजिंठा आला. मी आजवर समजत होते की तिथे ओल्या चुन्यावर रंगवलंय. तसं नाही. खडकावर मातीचा लेप, त्यात भाताचं तूस आणि झाडाचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले खनिज रंग. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना तिथे नेऊन या चित्रांच्या नकला करून घेत होते. वर्षानुवर्षं ते काम चाललं. नकला लंडनला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. वर्गातल्या सगळ्यांना जळालेल्या चित्रांचं वाईट वाटलं. मला त्या विद्यार्थ्यांचं वाटलं. गुहेतला अंधार, वटवाघळं, आणि हातात इंग्रजी पद्धतीचे तेलरंग. ज्या भिंतीची नक्कल करायची ती तेलाची नाहीच. माझ्याइतकाच गोंधळ त्यांचाही झाला असेल.

त्या तासानंतर गोंधळातून एक सूत हाती लागलं. रंगाची पूड तीच असते. गेरू तो गेरूच. तो डिंकात कालवला की जलरंग, जवसाच्या तेलात कालवला की तेलरंग, सरसात कालवला की अजिंठा, प्लास्टिकच्या दुधात कालवला की ॲक्रिलिक. फरक सगळा धरून ठेवणाऱ्या वस्तूत आहे. ती किती वेळात सुकते, सुकल्यावर पुन्हा पाण्यानं सुटते का, खालचं दाखवते की झाकते, यावर हाताचा वेग ठरतो. यादीतली ती मंत्रांसारखी नावं तेव्हा कुठे माणसात आली.

वारली चित्रांचंही तसंच. आम्हाला कॅनव्हासवर ॲक्रिलिकनं वारली करायला सांगितलं होतं. वर्गानं दोन त्रिकोण जोडून झटपट माणसं पाडली, तारप्याभोवती फेर धरायला लावला आणि सबमिशन उरकलं. वारली जमातीत लग्नाचा चौक सुवासिनी बायका लिहीत आल्या. शेणानं सारवून गेरू दिलेली कुडाची भिंत, तांदळाचं पीठ आणि डिंक, चावून कुंचला केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं लग्नाबाहेर आणि कागदावर आणली. ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मीरा रोडवरून जाणाऱ्या काही गाड्या पुढे डहाणूलाच जातात. नॅशनल पार्कातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं आहेत, म्हणजे हायवे ओलांडला की शेजारीच. मी घरी तांदळाचं पीठ आणि डिंक कालवून जाड खाकी कागदावर काडीनं ओढून पाहिलं. पीठ पातळ झालं की रेघ पसरते, दाट झालं की तुटते. ॲक्रिलिकची ती गुळगुळीत पांढरी रेघ मला तेव्हापासून खोटी वाटते. आई मात्र म्हणाली, पीठ पुन्हा घेशील तर विचारून घे.

आणि शेवटी लिनो. लिनो म्हणजे तपकिरी, रबरासारखा जाड पत्रा. जे पांढरं हवं ते गाऊजनं खोदून काढायचं, उरलेल्या उंच भागावर रोलरनं शाई फिरवायची, कागद ठेवून दाबायचं. सगळं उलटं छापून येतं, म्हणून अक्षरं आरशातली कोरायची. थंडीत लिनो कडक झाला तर उन्हात ठेवायचा. प्रेस हवाच असं नाही. कागदाच्या पाठीवर चमच्याची पाठ घासली तरी ठसा उठतो. आणि गंमत म्हणजे अस्सल लिनोही त्याच जवसाच्या तेलाचा असतो: तेल हवेनं घट्ट होऊ द्यायचं, बुचाची पूड मिसळायची, तागाच्या कापडावर थापायचं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाला रंगाच्या डब्यावर धरलेली साय पाहून ही युक्ती सुचली. आमच्या कपाटावर जे तेल वाळायला तयार नव्हतं, तेच इथे आधीच वाळून आलं होतं.

लिनो माझ्या खोलीत मावला. तव्याएवढा तुकडा, वास नाही, ओल लागत नाही, गाद्या पडल्या की उशाखाली सरकतो. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात कोरता येतं. रोलर आणि चमचा धुतला की स्वयंपाकघर परत आईचं. चित्तप्रसाद यांच्याबद्दल कळलं तेव्हा तर मला हायसंच वाटलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा माणूस १९४६ मध्ये मुंबईला आला आणि अंधेरीच्या एका खोलीत उरलेलं बहुतेक आयुष्य राहिला. लिनो कोरत. स्वस्त, हातानं छापता येणारी, अनेकांना देता येणारी चित्रं. अंधेरी आमच्याच लाइनवर.

आता प्रदर्शनांच्या पुस्तिकांमध्ये चित्रकार लिहितात ना, की जलरंगाचा प्रवाहीपणा माझ्या वृत्तीशी जुळतो म्हणून मी हे माध्यम निवडलं, तेव्हा मला शंका येते. वृत्ती जुळत असेल. पण त्याआधी खोली जुळावी लागते, पाऊस जुळावा लागतो, घरात दमेकरी कोणी नसावं लागतं. कॉलेजात सतत सांगतात, आपापलं माध्यम शोधा. मी शोधलं नाही. जी जी आमच्या दारातून आत मावली नाहीत ती परत गेली, आणि जे राहिलं ते माझं झालं. यात मला कमीपणा वाटत नाही. लिनोवर मी बाबांचे पॉलिशनं काळे झालेले हात कोरले. ते दुसऱ्या कशात इतके काळे आले नसते. पण जलरंग मला अजून हवा आहे, आणि तो न येण्याचं कारण माझ्या बोटांत नाही, हे मला ठाऊक आहे.

मीरा-भाईंदरला २००२ मध्ये महापालिका मिळाली, पुढे लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृहही मिळालं. माझी मागणी त्यापुढे फार लहान आहे. पालिकेच्या एखाद्या शाळेतली एक खोली संध्याकाळी उघडी ठेवावी. तिला वाहता नळ हवा, उत्तरेकडची खिडकी हवी, ओले कागद टांगायला दोरी हवी आणि रात्रभर बोर्ड ठेवता येईल अशी एक घडवंचीसारखी मांडणी. ठसेचित्रांचा हातप्रेस मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर चमचे आम्ही घरून आणू. पेणकरपाड्यात आणि काशीमिऱ्यात कॉलेजच्या गाडीला बोर्ड घेऊन जाणारी मुलं मला रोज दिसतात. खोली मिळाली तर ती झाडायची-पुसायची जबाबदारी आमची.